आराखड्यावर सही कोणाची?

आपल्या गल्लीत चार मजल्यांच्या जागी बावीस मजले उभे राहणार, हे रहिवाशांना बहुधा पत्र्याचे कुंपण लागल्यावर कळते. मग धावपळ सुरू होते. नगरसेवक म्हणतो, माझ्या हातात काही नाही, वॉर्ड ऑफिसात विचारा. वॉर्ड ऑफिस इमारत प्रस्ताव खात्याकडे बोट दाखवते. तिथला अभियंता फाइल उघडून सांगतो की नकाशा नियमात बसतो आणि नियम मंत्रालयातून आलेला आहे. कोणी चिकाटीने मंत्रालयापर्यंत पोचलाच, तर नगरविकास खात्यात त्याला ऐकायला मिळते की नियमातल्या फेरबदलाचा प्रस्ताव मुळात महापालिकेनेच पाठवला होता. यातला कोणीही खोटे बोलत नसतो. शहराच्या जमिनीवर काय आणि किती बांधायचे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे अशा रीतीने वाटला गेला आहे की जाब विचारायला आलेल्या माणसाला प्रत्येक दारातून पुढचे दार दाखवता येते.

ही वाटणी कशी झाली, तिचा फायदा कोणाला झाला आणि ती बदलायची तर कुठून सुरुवात करायची, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुढची प्रकरणे एकेका शहराची आणि एकेका कायद्याची आहेत. ती वाचण्याआधी सगळ्यांच्या मागची गोष्ट एकदा सलग सांगावी, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे. उदाहरणे मुख्यतः मुंबईची घेतली आहेत. पुणेकर, नागपूरकर वाचकांनी राग मानू नये. मुंबईत हा झगडा सव्वाशे वर्षे जुना आहे आणि इतर शहरांत जे आज घडते आहे ते तिथे आधी घडून गेले आहे.

कायद्याचा पाया म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, कचेऱ्यांच्या बोलीत एमआरटीपी. त्यानुसार विकास आराखडा महापालिका तयार करते. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना येतात, नियोजन समितीपुढे सुनावण्या होतात. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि त्यांच्या जोडीला सरकारी बाजूने नेमलेले जाणकार बसतात. मग आराखडा सरकारकडे जातो. कलम ३१ प्रमाणे सरकार तो आहे तसा मंजूर करू शकते, बदलून मंजूर करू शकते, परत पाठवू शकते किंवा नाकारू शकते. मंजुरीनंतर काही बदलायचे झाले तर कलम ३७ आहे. सार्वजनिक हिताचे कारण देऊन सरकारला आपण होऊनही त्याखाली फेरबदल करता येतो. शिवाय कलम १५४ आहे, त्यात सरकारने निर्देश द्यायचे आणि नियोजन प्राधिकरणाने ते पाळायचे. कलम ४० खाली सरकार एखादा तुकडा महापालिकेकडून काढून विशेष नियोजन प्राधिकरणाच्या हवाली करू शकते. ठरलेल्या मुदतीत आराखडा झाला नाही, तर ते कामच काढून घेता येते.

म्हणजे काढलेली प्रत्येक रेघ महापालिकेची आणि प्रत्येक रेघ खोडण्याचा हक्क राज्याचा. त्यात महापालिकेचा आयुक्त सरकारने नेमलेला. मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमाने कारभाराची सूत्रे आयुक्ताकडे दिली आणि सभागृहाकडे मंजुरी, चर्चा आणि अर्थसंकल्प ठेवला. कोलकात्यात महापौर आणि त्याचे मंडळ प्रत्यक्ष कारभार पाहते. आपल्याकडे १९९८ च्या सुमारास ‘मेयर इन कौन्सिल’चा प्रयोग मुंबई आणि नागपुरात झाला आणि लगेच गुंडाळलाही गेला. त्यामुळे ‘स्थानिक’ म्हणून आपण ज्याच्याशी भांडतो, त्याच्या नेमणुकीच्या आदेशावर मंत्रालयाचाच शिक्का असतो. हा विषय समजून घेताना पहिला घोटाळा होतो तो इथे.

ही रचना स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी शोधून काढलेली नाही. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. नगरपालिकेत घरमालकांचा जोर आहे, ती आपल्याच मतदारांची घरे पाडणार नाही, असे म्हणत इंग्रज सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही स्वतंत्र संस्था उभी केली आणि तिच्यात निवडून आलेल्यांना अल्पमतात ठेवले. आक्षेपात तथ्य होतेच. पण ट्रस्टने रस्ते रुंद करताना कामगारांच्या वस्त्या आधी पाडल्या आणि त्या लोकांची सोय मागाहून पाहिली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही ट्रस्टची देणगी. तिथे राहायला गेला तो मध्यमवर्ग, उठवला गेलेला गिरणीकामगार नव्हे. अखेर १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. महापालिकेतली ‘सुधार समिती’ ही त्या ट्रस्टचीच खूण आहे. जमिनीची आरक्षणे आणि भूखंड यांचे विषय अजून तिच्यापुढे येतात.

दुसरी फेरी १९२० ची. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी नगरपालिका आणि ट्रस्ट या दोघांनाही बाजूला ठेवून ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढले. पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवला. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांची घोषणा झाली. बांधल्या गेल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या २०७ बीडीडी चाळी त्या. याच खात्याने बॅकबेचा भराव हाती घेतला, त्याचा खर्च फुगत गेला आणि काम अर्ध्यावर अडकले. खुर्शेद नरिमन यांनी त्यातला गैरकारभार उघड्यावर आणला. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि नरिमन निर्दोष सुटले. पुढे त्याच किनाऱ्यावरच्या भरावाला नरिमन पॉइंट हे नाव मिळाले. नावे देण्याच्या बाबतीत आपली सरकारे विनोदी असतात.

बीडीडी चाळींचे पुढे काय झाले हेही इथेच सांगून टाकतो. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांत शंभर वर्षे संसार झाले. पुनर्विकास म्हाडाकडे, म्हणजे पुन्हा राज्याच्याच संस्थेकडे आला. भूमिपूजन २०१७ ला झाले आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. राज्याने घेतलेले काम होतच नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे, आणि ते झटपट होते असे म्हणणाऱ्यांनीही.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने हे चित्र पालटेल असे अनेकांना वाटले होते. जून १९९३ पासून ती लागू झाली. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची म्हणून जी अठरा कामे दिली आहेत, त्यांत पहिले नगरनियोजन आहे आणि दुसरे जमिनीच्या वापराचे व इमारतींच्या बांधकामाचे नियमन. पण अनुच्छेद २४३ब लिहिणाऱ्यांनी राज्याच्या विधिमंडळाला ही कामे सोपवण्याची मुभा दिली, बंधन घातले नाही. महाराष्ट्राने मुभेचा अर्थ सोयीने लावला. एमआरटीपीच्या मंजुरीच्या कलमांना धक्का लागला नाही. उलट १९९५ मध्ये युतीचे सरकार आले, झोपडीवासीयांना मोफत घरांची घोषणा झाली आणि त्या वर्षअखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण (एसआरए) जन्माला आले. झोपडपट्टीच्या जागेवर इमारतीची परवानगी देण्याचे काम महापालिकेकडून गेले. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती आणि त्यातले पन्नास लाखांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. एवढ्या लोकांच्या घरांचा प्रश्न निवडून आलेल्या महापालिकेच्या कक्षेबाहेर नेला गेला, तोही घटनादुरुस्ती लागू होऊन तीन वर्षे होण्याच्या आत.

आज मुंबईच्या नकाशावर कोण कुठे मालक आहे ते पाहिले तर ठिगळेच दिसतात. वांद्रे-कुर्ला संकुल एमएमआरडीएकडे. मरोळचा औद्योगिक भाग एमआयडीसीकडे. म्हाडाच्या वसाहतींत २०१८ पासून म्हाडा स्वतःच परवानगी देते. झोपडपट्ट्या एसआरएकडे, धारावीसाठी वेगळा प्रकल्प. राहिले ते महापालिकेचे. पाणी, मलनिस्सारण, कचरा आणि रस्त्यांचा भार मात्र बहुतेक ठिकाणी तिच्याच माथी. वांद्रे पूर्वेला एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन प्राधिकरणे भेटतात आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्याला ते माहीत नसते.

गिरण्यांच्या जमिनींची हकिकत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण या पुस्तकातले जवळजवळ सगळे प्रश्न तिच्यात एकवटले आहेत. परळ-लालबाग-वरळीच्या पट्ट्यात ५८ गिरण्या आणि सुमारे ६०० एकर जमीन होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. (५८ गिरण्या आणि नियमही ५८ वा, हा निव्वळ योगायोग.) जमीन विकासाला काढली तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला, असे त्यात ठरले. दाट वस्तीच्या बेटाला श्वास घ्यायला जागा आणि कामगाराला घर मिळण्याची ती एकमेव संधी होती. सरकारने १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. या तिन्ही वाट्यांचा एकत्र नकाशा आखावा, असा तिचा कल होता.

मालकांना घाई नव्हती. जुन्या शेडमध्येच दुकाने आणि कचेऱ्या थाटता येत असताना दोन तृतीयांश जमीन कोण देतो? २००१ मध्ये राज्य सरकारने नियमात बदल केला. वाटणी संपूर्ण जमिनीची करायची नाही, फक्त ज्या जागेवर इमारत उभी नाही तेवढ्या मोकळ्या जागेची करायची. गिरणीत मोकळी जागा असते किती? आत चालायला वाट होती तेवढी. एका वाक्याच्या या बदलाने शहराचा आणि म्हाडाचा हिस्सा आटला. ‘बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप’ न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा बदल वैध ठरवला. त्यानंतर लोअर परळला जे उभे राहिले ते लोकलच्या खिडकीतून सगळ्यांनी पाहिले आहे.

मला इथे खटकते ती गोष्ट न्यायालयाच्या निकालाची नाही. सरकारला तो अधिकार कायद्याने होता आणि न्यायालयाने तसे सांगितले. खटकते ते हे की ६०० एकरांचे भवितव्य बदलणाऱ्या फेरबदलासाठी ‘किरकोळ’ फेरबदलांचे कलम पुरले. एखाद्या कोपऱ्यावरचे दवाखान्याचे आरक्षण दहा मीटर सरकवायला जी वाट, तीच वाट शहराच्या मध्यभागाचा सातबारा उलटा करायलाही. आराखडा वीस वर्षांचा म्हणून आपण त्यावर वाद घालतो, आणि तो वीस वर्षे कलम ३७ खाली तुकड्या-तुकड्याने पुन्हा लिहिला जात असतो. १९९१ च्या नियमावलीतला ३३ वा नियम पाहावा. उपकरप्राप्त इमारती, म्हाडा, झोपडपट्टी, समूह विकास, सार्वजनिक वाहनतळ, प्रत्येकासाठी जादा चटई क्षेत्राचे स्वतंत्र पोटकलम. मूळ चटई क्षेत्र निर्देशांक बेटावर १.३३ आणि उपनगरांत १ होता. प्रत्यक्षात एवढ्यावरच थांबलेली इमारत पुढे पुढे शोधावी लागे.

महापालिकेच्या बाजूनेही कमी गंमत नव्हती. आयुक्ताच्या विशेषाधिकारात फ्लॉवरबेड, डेक, व्हॉइड अशा जागा चटई क्षेत्रातून वगळल्या जात. कागदावर फुलझाडांचा कट्टा आणि ताबा मिळाल्यावर त्याची मुलांची खोली, हा उपनगरातला सर्वमान्य रिवाज होता. २०१२ मध्ये तेव्हाचे आयुक्त सुबोध कुमार यांच्या पुढाकाराने हे सगळे निर्देशांकात मोजायचे आणि बदल्यात अधिमूल्य घेऊन राहत्या इमारतींना ३५ टक्क्यांपर्यंत ‘फंजिबल’ क्षेत्र द्यायचे ठरले. सुधारणा चांगली होती. तिने विशेषाधिकाराचा बाजार आवळला. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, तिच्याकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. चटई क्षेत्र हे महापालिकेच्या उत्पन्नाचे साधन बनले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, आणि अधिमूल्याचे महत्त्व आणखी वाढले.

आता या पैशावरही हुकूम कोणाचा? जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बांधकामांवरच्या अधिमूल्यांत वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सवलत जाहीर केली. करोनाने थंडावलेला धंदा चालावा हा हेतू, आणि सवलत घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे ही अट. धंदा चालला. पण त्या वाढीव मजल्यांना पुरणारी जलवाहिनी आणि मलवाहिनी टाकायचा खर्च ज्या तिजोरीतून व्हायचा, तिच्या उत्पन्नातली ही सूट दुसऱ्याने दिली होती. माझ्या मते राज्य-महापालिका वादाचे खरे मर्म इथे आहे. किती मजले हे एक जण ठरवतो, त्याची किंमतही तोच ठरवतो आणि नळाला पाणी आले नाही की मोर्चा दुसऱ्याच्या दारावर जातो.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग सगळे अधिकार महापालिकेला देऊन मोकळे व्हा. इतके सोपे असते तर हे पुस्तक लागले नसते.

पहिली अडचण इतिहासानेच दाखवली आहे. जमिनीचा लोभ मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापुरता मर्यादित नाही. शाळेचे आरक्षण, मैदानाचे आरक्षण उठवण्याचे ठराव महाराष्ट्रातल्या कितीतरी सभागृहांत एका बैठकीत, चर्चेविना झाले आहेत, आणि त्या वेळी पक्षभेद कसे विरघळतात हे पत्रकारांच्या कक्षात बसलेल्यांनी पाहिले आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ चा आराखडा सभागृहाला मुदतीत पुरा करता आला नाही. मार्च २०१५ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला, विभागीय आयुक्तांची समिती बसवली आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. मंजुरी मिळाली तेव्हा आराखड्याची निम्मी मुदत संपत आली होती. त्याच पुण्यात १९९७ ला आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टिकावे म्हणून नागरिक वर्षानुवर्षे लढले. सुमारे ९७८ हेक्टरांचे ते आरक्षण अखेर २०१५ मध्ये राज्यानेच मंजूर केले. टेकड्यांसाठी भांडणाऱ्यांना मंत्रालय जवळचे वाटले यात नवल नाही. मुंबईतही फेब्रुवारी २०१५ च्या आराखड्याच्या मसुद्यात चुकांची रास सापडली, स्थानकांलगतच्या काही भागांत निर्देशांक ८ पर्यंत नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा लोकांनी मुख्यमंत्र्यांकडेच दाद मागितली. देवेंद्र फडणवीस यांनी एप्रिलमध्ये मसुदा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितले. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे, आणि स्थानिक स्वराज्याचा कैवार घेणारे तिच्याबद्दल बोलत नाहीत. शहराच्या सभागृहात आवाज असतो तो ज्याला शहरात आधीच घर आहे त्याचा. विरारहून, बदलापूरहून रोज दीड-दोन तास उभ्याने येणारा माणूस दिवस मुंबईत काढतो, मत दुसरीकडे देतो. ‘आमच्या विभागात आता आणखी इमारती नकोत’ असे मुंबईतली सोसायटी म्हणते तेव्हा तिचे म्हणणे खोटे नसते, पण त्या इमारतीत राहायला आला असता तो मनुष्य त्या सभेत नसतो. कॅलिफोर्नियात हाच पेच उलट्या बाजूने आला. तिथे जमिनीच्या वापराचे अधिकार पिढ्यान्‌पिढ्या गावांच्या हाती होते आणि गावांनी एका भूखंडावर एकच बैठे घर हा नियम धरून ठेवला. घरे इतकी महाग झाली की राज्याला मध्ये पडावे लागले. २०१७ च्या कायद्याने, घरबांधणीत मागे पडलेल्या शहरांत नियमात बसणाऱ्या प्रकल्पांना झटपट परवानगी देणे भाग पडले. २०२१ च्या कायद्याने एका घराच्या भूखंडावर चारपर्यंत घरांची वाट मोकळी केली. क्युपर्टिनोतल्या जुन्या वाल्को मॉलच्या जागेवर २,४०२ घरांचा प्रस्ताव २०१८ मध्ये याच पहिल्या कायद्याच्या आधाराने पुढे गेला. त्या भागात मराठी घरेही पुष्कळ आहेत. पार्ल्यातल्या टॉवरवर फोनवरून हळहळणारे त्यांतले काही जण तिथल्या नगरसभेत कोणत्या बाजूला बसले असतील, हे मी विचारत नाही.

तिथले उदाहरण इथे जसेच्या तसे लागू करण्याचा मोह मात्र टाळावा, आणि आजकाल धोरणांच्या चर्चेत तो सर्रास दिसतो. तिथे गावाचा नकार मोडण्यासाठी राज्याला कायदे करावे लागले. आपल्याकडे महापालिकेला नकाराचा हक्क कधी नव्हताच. तिथे राज्य शहरांना सांगते, इतकी घरे झालीच पाहिजेत, कुठे ते तुम्ही दाखवा. आपल्याकडे राज्य सांगते, अमुक भूखंडाला अमुक निर्देशांक, आणि परवडणारी घरे किती झाली हे कोणी मोजत बसत नाही.

गोव्याने आणखी वेगळी बाजू दाखवली. प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृतिदलात चार्ल्स कोरिया होते, आणि मसुदा पंचायतींपर्यंत, ग्रामसभांपर्यंत नेला गेला. माणसे आपल्या गावाचा नकाशा घेऊन बसली, शेत कुठे, खाजन कुठे, टेकडी कुठे ते दाखवू लागली. इतका खालून आलेला आराखडा देशात क्वचितच झाला असेल. तरी पुढे नगरनियोजन कायद्यात भूखंडागणिक वापर बदलून देणारी कलमे घातली गेली. त्यातल्या १७(२) कलमाखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. खालून केलेला आराखडा वरून एकेका भूखंडाने कसा पोखरता येतो, हे समजायला मुंबईच्या कलम ३७ शेजारी गोव्याचे हे प्रकरण ठेवून वाचावे.

महाराष्ट्रात अलीकडे वारे केंद्राकडे, म्हणजे मंत्रालयाकडे, अधिकच वाहते आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग वगळून राज्यभरासाठी एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. आर्किटेक्टांनी तिचे स्वागत केले, कारण प्रत्येक शहराची वेगळी पोथी पाठ करण्याचा त्रास वाचला. ते खरेच आहे. पण कोकणातल्या पावसाचे गाव, मराठवाड्यातले टँकरवर जगणारे शहर आणि पुण्याचे उपनगर यांना मुळात एकच पोथी का लागावी, याचे उत्तर सोयीपलीकडे मला कुठे मिळालेले नाही. २०२१ मध्ये आणखी २३ गावे पुणे महापालिकेत घेतली गेली आणि लगोलग त्यांच्या नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएला दिले गेले. गावांचा कचरा उचलायचा महापालिकेने, आराखडा करायचा दुसऱ्याने. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि जवळपास चार वर्षे प्रशासकाने कारभार केला. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. या काळात नकाशे मंजूर होत राहिले, फेरबदल होत राहिले, पुनर्विकासाने वेग घेतला. सभागृह नसल्याने बांधकाम अडले असे एकही उदाहरण निदान माझ्या ऐकण्यात नाही. लोकप्रतिनिधींनी यावर विचार करायला हरकत नाही.

माझे मत लपवण्यात अर्थ नाही. महानगराचा हिशेब, म्हणजे किती घरे लागणार, त्यांतली किती कमी उत्पन्नाच्या माणसांसाठी, लोकल-मेट्रोच्या कडेने किती, आणि खाडी, नदीपात्र, टेकडी यांना हात लावायचा नाही तो कुठे, हे राज्याने किंवा प्रदेशाने ठरवावे. विरारच्या माणसाची बाजू दुसरे कोणी मांडणार नाही. घटनेने त्यासाठी महानगर नियोजन समिती सांगितली आहे, तिचे दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले असावेत असेही सांगितले आहे. तिला एमएमआरडीएच्या मागच्या खोलीत बसवून ठेवू नये. पण हा हिशेब एकदा ठरला की कोणत्या रस्त्यावर किती उंची, कुठे शाळा, कुठे बाजार हे शहराने ठरवावे आणि शहराची सही शेवटची असावी. सरकारला त्यानंतर फेरबदल करायचाच असेल, तर पाणी कुठून येईल, सांडपाणी कुठे जाईल, मुले कोणत्या शाळेत जातील आणि खर्च कोण देईल, याचा लेखी तपशील त्याच अधिसूचनेत द्यावा लागेल, अशी दुरुस्ती एमआरटीपीत व्हावी. ही एवढी एक अट असती तर २००१ चा गिरण्यांचा बदल एका वाक्यात झाला नसता. पुस्तकातले सगळेच लेखक माझ्याशी सहमत नाहीत. एका प्रकरणात तर राज्याने महापालिकांचे उरलेसुरले अधिकारही काढून घ्यावेत असा युक्तिवाद आहे. तो मला पटला नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही, म्हणून तो पहिल्या भागातच घेतला आहे.

वाचकाला एक काम सांगून थांबतो. कलम ३७ खालच्या फेरबदलाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात द्यावीच लागते. ती जाहिरातींच्या पानावर बारीक अक्षरांत, नावबदल आणि हरवलेल्या भाग प्रमाणपत्रांच्या शेजारी छापली जाते आणि हरकतीसाठी एक महिना मिळतो. हरकत द्यायला वकील लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, आपले नाव-पत्ता, सूचनेचा क्रमांक आणि आक्षेपाचे कारण लिहायचे, प्रत ठेवायची आणि पोच घ्यायची. आपल्या भागाचा क्रमांक दिसला की ती वाचा आणि महिना संपायच्या आत लिहा.